ट्रेडिंगसाठी नेट घेताय? आधी दुसरी वाट बघून ठेवा

सोसायटीतले दोन-तीन जण नुकतेच ट्रेडिंगला लागलेत. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "दादा, किती एमबीपीएसचा प्लॅन घेऊ?" म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

स्पीडच्या मागे लागू नका. भाव आणि ऑर्डर यांना डेटा अगदी किरकोळ लागतो, ४०-५० एमबीपीएस पुरून उरतात. नेट स्थिर आहे का, ते महत्त्वाचं. सकाळी सव्वानऊला आणि दुपारी तीनच्या सुमाराला पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते दाखवणारी चाचणी) लावून ठेवा. आकडा १५ वरून एकदम २०० वर जात असेल, मधूनच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल, तर ती लाइन ट्रेडिंगच्या कामाची नाही.

हे मी पैसे घालवून शिकलोय. गेल्या जूनमध्ये दुपारी सव्वादोनला ऑप्शनची पोझिशन (सौदा) चालू होती आणि स्टॉपलॉस, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून बाहेर पडायचा भाव, फक्त डोक्यात होता. चार्ट थिजला. वळून पाहिलं तर फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकत होता. खाली झाडाची फांदी तोडताना वायर तुटली होती. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, तर सिमही त्याच कंपनीचं, आणि त्याचीही रेंज गेलेली. शेजाऱ्यांच्या फोनवरून लॉगिन करेपर्यंत अकरा हजार गेले होते.

म्हणून माझं ठाम मत आहे: एक महागडं कनेक्शन घेण्यापेक्षा दोन साधी घ्या, पण दोन्हींचा मार्ग वेगळा हवा. एकाच खांबावरून आलेल्या दोन फायबर एकाच फांदीने तुटतात. घरात फायबर आणि फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम, एवढं पुरतं. प्लॅनच्या जाहिराती वाचण्याआधी शेजारच्या बिल्डिंगमध्ये विचारा की वायर तुटली तर माणूस किती वेळात येतो. सगळं त्या लाइनमनवर असतं.

आणि वीज! पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते, त्याच दिवशी सेन्सेक्सच्या ऑप्शनची एक्स्पायरी (मुदत संपण्याचा दिवस). लॅपटॉप चालतो, राउटर मरतो. राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्याच. वायफायऐवजी लॅनची केबल लावा.

तरीही नेट जाणारच. २४ फेब्रुवारी २०२१ ला खुद्द एनएसईचं (राष्ट्रीय शेअर बाजाराचं) कामकाज ११:४० ला थांबलं होतं, टेलिकॉमच्या लिंकमध्ये बिघाड झाला म्हणून. बाजार परत उघडला पावणेचारला. त्यांच्याकडेही दोन कंपन्यांच्या लिंक होत्या.

म्हणून पोझिशन घेतली की लगेच स्टॉपलॉसची ऑर्डर टाका. ती एक्सचेंजच्या सिस्टिमवर जाऊन बसते, तुमचं नेट असो वा नसो. ऑप्शनला एसएल-लिमिट (स्टॉपलॉस-लिमिट) लागते: ट्रिगरच्या भावाला ऑर्डर जागी होते आणि लिमिटच्या भावापर्यंतच सौदा होतो. तेव्हा ट्रिगर आणि लिमिटमध्ये थोडं अंतर ठेवा, नाहीतर भाव उडी मारून पुढे जातो आणि ऑर्डर तशीच पडून राहते. ब्रोकरचा 'कॉल अँड ट्रेड'चा (फोनवरून ऑर्डर देण्याचा) नंबर आणि आपला क्लायंट आयडी कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा. माझ्याकडे तो कागद जूनपासून आहे.