हिवाळ्यात पाखरं उपाशी मरतात? आधी वावरात जाऊन पाहा

थंडी पडली की गावागावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. हिवाळ्यात पक्ष्यांना खायला मिळत नाही. शिळी पोळी, भात, बिस्किटं छतावर टाका. कच्चा तांदूळ टाकू नका, तो पोटात फुगून पक्षी मरतो. प्लास्टिकच्या बाटलीत दाणे भरून टांगा. डालड्यात दाणे मिसळून लाडू ठेवा. एकदा सुरू केलं की बंद करू नका. पाठवणाऱ्याच्या मनात कळवळा आहे, त्याबद्दल शंका नाही. पण यातलं बरंचसं बर्फाळ देशांतून आलेलं आहे आणि विदर्भातल्या खेड्यात जसंच्या तसं पाळलं तर पाखरांच्या जिवावर बेतू शकतं.

"हिवाळ्यात खायला मिळत नाही." जमीन बर्फाखाली जाते तिथे हे खरं. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा वर्षातला सगळ्यात भरलेला काळ. भंडारा-गोंदियात धानाची चुरणी, पश्चिमेकडे सोयाबीनचं कुटार, मग तुरीचं खळं, ज्वारीचा हुरडा, धुऱ्यावरची बोरं. पऱ्हाटीवर अळ्या असतात त्या वेगळ्याच. म्हणून तर थिरथिरा, परीट, भोरड्या याच दिवसांत उत्तरेकडून इथे उतरतात. आपल्या पाखरांचे खरे हाल मार्चनंतर सुरू होतात, आणि तेही दाण्यापेक्षा पाण्यावाचून.

हिवाळ्यात दाणे ठेवूच नका, असं नाही. परसदारी पाखरं जवळून पाहायची असतील तर जरूर ठेवा. फक्त दाण्यावर येणार चिमण्या, होले, मुनिया आणि पारवे. दयाळ, शिंपी, थिरथिरा हे किडे खाणारे. ज्वारीकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना बोलवायचं तर पाणी ठेवा. मातीचं पसरट परळ घ्या, आतून खरखरीत. पाणी मधोमध फार तर दोन बोटं, कडेला त्याहून कमी, आणि मध्ये एक चपटा दगड. खोल गुळगुळीत भांड्यात लहान पाखराचा पाय घसरतो आणि ते बुडतं. पाणी रोज सकाळी ओतून परळ नारळाच्या शेंडीनं घासा, म्हणजे शेवाळ धरत नाही आणि डासांच्या अळ्याही वाढत नाहीत. परसात एका कोपऱ्यात पालापाचोळा न जाळता पडू द्या. किडे खाणाऱ्यांचं ताट तेच.

"शिळी पोळी, भात, बिस्किटं." भात दुपारपर्यंत आंबतो. बिस्किटात साखर, फरसाणात मीठ, आणि मीठ लहान जिवाला लवकर बाधतं. त्यापेक्षा ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी द्या.

"कच्चा तांदूळ पोटात फुगतो." साफ खोटं. धानाच्या बांधीत मुनिया आणि चिमण्या कच्चे दाणेच खातात. कोंबडी कापताना खड्यांनी भरलेली जाड पिशवी निघते ना, तशीच दाणे खाणाऱ्या या पाखरांनाही असते. दाणा तिथे भरडला जातो.

तांदळाची अशी भीती घालणारा हा मेसेज ज्या दाण्याची खरी भीती बाळगायला हवी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. पेरणी उरकली की घरात उरलेलं बियाणं पडून असतं: हरभरा, सोयाबीन, मका. गुलाबी, लाल, निळा रंग चढलेला दाणा म्हणजे बीजप्रक्रिया केलेला. त्यावर थायरमसारखं बुरशीनाशक, कधी इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक असतं, आणि लहान पाखराला असे चार-दोन दाणेही घातक ठरू शकतात. "वाया कशाला घालवायचं" म्हणून ते अंगणात फेकू नका, धुऊनही नाही. ते विहीर-नाल्यापासून लांब, खोल पुरून टाका. कुबट वासाचे बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मकाही तसाच बाद.

"बाटली टांगा." कल्पना वाईट नाही, पण आपल्याकडे पहाटे दहिवर पडतं. बाटली आतून घामेजते, तळचे दाणे भिजतात, दोन-तीन दिवसांत त्यांची ढेप होते आणि वरचे दाणे खाली सरकत नाहीत. बाटलीच वापरायची तर तळाला तापल्या खिळ्यानं दोन मिलिमीटरची चार-पाच भोकं पाडा आणि अर्ध्याच्या वर भरू नका. ज्वारी त्यातून गळत नाही, बारीक बाजरी गळते.

त्याहून फळी बरी. फूटभर लांब-रुंद फळी, कडेनं अर्धा इंचाची पट्टी, पाणी निघायला कोपऱ्यांत फटी. जमिनीपासून सहा फूट उंच टांगा. झुडूप आठ-दहा फुटांवर असावं: शिक्रा आला तर पाखराला लपता येतं, आणि मांजराला तिथून एका झेपेत फळी गाठता येत नाही. मुंग्यांसाठी तारेला ग्रीस फासू नका, ते पिसांना चिकटतं. सकाळी एक मूठ दाणे पुरेत. संध्याकाळी खाली सांडलेलं झाडून घ्या. दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग, घोणस. अंगणात लेकरं खेळतात हे ध्यानात ठेवा.

"डालड्याचे लाडू." गोठवणाऱ्या थंडीत चरबीचा उपयोग होतो. आपल्याकडे डिसेंबरच्या दुपारीही ऊन चटकतं, लाडू पाघळतो आणि पिसं चिकट होतात. चिकट पिसांत ऊब राहत नाही.

"एकदा सुरू केलं की बंद करू नका." पाखरं एका फळीवर जगत नाहीत, वावरभर हिंडून खातात. गावाला जायचं असेल तर खुशाल जा. उन्हाळ्यातल्या पाण्यात मात्र खंड पडू देऊ नका.

फळी आठवड्यातून एकदा घासून उन्हात कडक वाळवा. गावरान कोंबड्या पाळत असाल तर फळी खुराड्यापासून दूर ठेवा, कोंबड्यांना सांडलेले दाणे टिपू देऊ नका. पिसं फुगवून सुस्त बसलेली किंवा मेलेली पाखरं आसपास दिसली तर दाणे लगेच थांबवा, मेलेल्या पाखराला उघड्या हातानं शिवू नका आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.