घरबसल्या तलाव बुजवायचा कसा?

मराठवाड्यात पाणी असं उघडंबोडकं पडलेलं बघवत नाही. त्यावर हिरवंगार पांघरूण घालायचं असेल तर पुढचे उपाय करा. आमच्या साठवण तलावावर हमखास लागू पडलेत.

आधी मोबाईलवर अझोल्याचा, म्हणजे जनावरांना चारतात त्या पाण्यावरच्या वनस्पतीचा, व्हिडिओ बघा. अर्धाच. ‘जनावराला फुकटचा खुराक’ एवढं ऐकलं की बंद. मग दिसेल त्या डबक्यातून तरंगणारं हिरवं काहीही बादलीभर उचला. अझोल्याची पानं अगदी बारीक. साल्विनिया या तळं झाकणाऱ्या तणाची चांगली नखाएवढी, वर केस, पाणी पडलं तरी न भिजणारी. असले फरक बघणं रिकामटेकड्यांचं काम. दोन्ही नेचेच, भावकीतलेच. एक हवेतलं नत्र धरतं, दुसरं तळं धरतं.

म्हशीनं तोंड फिरवलं तर उरलेला माल नाल्यात ओता. नाला कुठं जातो ते तलाठी बघेल.

पुढं काहीच करायचं नाही. ही साल्विनिया ब्राझीलची पाहुणी, बी धरत नाही आणि तिला गरजही नाही. देठाचा डोळ्यासकट तुकडा पडला की नवं रोप. हवामान मानवलं तर काही दिवसांत दुप्पट. साचलेलं, संथ पाणी तिला आवडतं, आणि तुमच्या रानातला युरिया पावसानं वाहून येतोच की तिच्या जेवणाला.

काढायचीच झाली तर जेसीबी आणा, फोटो काढा, ढीग काठावरच सोडा. पहिल्या पावसात ती आपली आपण घरी जाते.

आमच्याकडं हेच झालं. मोसंबी फळावर, ऊन मी म्हणतंय, मोटार टाकली तर पाणीच येईना. पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाचा फुटव्हॉल्व्ह गच्च, ड्रिपचे फिल्टर गच्च. मासेमारीचा ठेका घेतलेलं पोरगं काठावर डोकं धरून बसलेलं. रोहू-कटल्याला मरून वर तरंगायलाही जागा नाही. वरून असा थर बसला की खाली ना ऊन पोचतं ना हवा, मासा गुदमरणारच. अर्ज घेऊन गेलो तर साहेब म्हणतात, जलपर्णी आमच्याकडं येत नाही. अहो, ही जलपर्णी नाहीच, हेच तर सांगतोय कधीपासून! तर म्हणे, मग कोणत्या रकान्यात भरू?

इलाज नाही असंही नाही. मध्य प्रदेशात सारणीच्या जलाशयात जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयानं फक्त हेच तण खाणारा भुंगा सोडून ती हटवली. पण त्याला वेळ लागतो, आणि आधी तण कोणतं हे ओळखावं लागतं. इथं तर रकानाच नाही.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि आपण आहे त्या पाण्यात घाण ओततोय? ओळखता येत नसेल तर हात लावू नका. आधी कृषी सहायकाला दाखवा. शोभेच्या माशांच्या टाकीतली झाडं ओढ्यात फेकू नका. आणि ज्यानं आमच्या तलावात ती बादली रिकामी केली त्यानं स्वतः पाण्यात उतरून ती काढावी, पाण्यापासून लांब वाळवावी, खड्ड्यात पुरावी. ‘मला काय माहीत’ म्हणून सुटता येणार नाही.