टॅब घ्या, पण पुस्तकेही मागून घ्या

गेल्या जूनमध्ये माझी मुलगी बारावी सायन्सला गेली. तिच्या क्लासने फीमध्येच टॅब दिला, त्यात सर्व विषयांची पुस्तके, नोट्स आणि व्हिडिओ भरून दिले आणि छापील नोट्स या वर्षापासून बंद केल्याचे पालकांच्या मीटिंगमध्ये सांगितले. आम्ही कोपरखैरण्याला राहतो आणि क्लास ठाणे स्टेशनजवळ आहे, त्यामुळे ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत तिच्या पाठीवरचे ओझे कमी होणार म्हणून त्या दिवशी मलाही हायसे वाटले होते. सहामाहीनंतर माझे मत पूर्ण बदलले. येत्या जूनमध्ये ज्या पालकांपुढे हाच प्रश्न येणार आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सहामाहीत तिला बायोलॉजीत फारच कमी गुण पडले. मुलगी अभ्यास करत नव्हती असे मुळीच नाही. रात्री अकरापर्यंत ती टॅब घेऊन बसलेली मी रोज पाहत होते. म्हणून एका रविवारी मी तिच्याशेजारी बसले आणि जमिनीतले पाणी मूलरोमातून, म्हणजे मुळांवरच्या बारीक केसांतून, आत कसे शिरते ते सांग, म्हटले. तिने दोन वाक्ये सांगितली, मग अडखळली आणि "आई, वाचलंय गं मी हे, इथेच कुठेतरी होतं," असे म्हणत बोटाने पाने सरकवू लागली. त्या धड्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीवर पिवळा रंग फिरवलेला होता. काय महत्त्वाचे आणि काय नाही, हे ठरवण्याचे कष्ट कुठेच घेतलेले दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमच्याच सोसायटीतल्या, दोन वर्षांपूर्वी बारावी झालेल्या एका मुलाचे जुने बालभारतीचे पुस्तक मी मागून आणले. तोही माझ्या मुलीसारखाच दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. त्याने समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी शब्द लिहून ठेवले होते: ऑस्मोसिसपुढे परासरण, माइटोकॉन्ड्रियापुढे तंतुकणिका. आकृत्यांच्या बाजूला त्याच आकृत्या पुन्हा काढलेल्या होत्या, एकीवर तर फुली मारून खाली दुरुस्त केलेली होती. माध्यम बदललेल्या मुलाने एकेक शब्द कसा आपलासा केला, हे त्या पानांवर स्पष्ट दिसत होते. मुलीने ते पुस्तक वापरायला घेतले आणि महिन्याभरात तिच्या बोलण्यात फरक पडला. आता ती "डाव्या पानावर, आकृतीच्या खाली" असे सांगते. पानावरची ती जागा मजकुराबरोबर तिच्या लक्षात राहते आणि तिथून पुढचा मुद्दा तिला आठवतो. टॅबच्या सरकत्या पडद्यावर अशी कायमची जागा कशालाच नसते.

एका घरातल्या अनुभवावरून मी हे मत बनवलेले नाही. २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचे आणि १,७१,००० हून अधिक वाचकांचे एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यात छापील मजकूर वाचणाऱ्यांचे आकलन पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा सरस आढळले. हा फरक फार मोठा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. कथेसारख्या मजकुरात तो दिसला नाही. माहितीपर मजकुरात आणि वेळेच्या बंधनात वाचताना मात्र तो ठळकपणे दिसला, आणि बारावीचा अभ्यास नेमका याच दोन गोष्टींचा असतो. शिवाय पडद्याची सवय वाढत गेली तसा हा फरक कमी व्हायला हवा होता, तो उलट वाढत गेला. पडद्यावर वाचणाऱ्याला आपल्याला समजले आहे असे प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटते, असेही काही प्रयोगांत आढळले आहे. "वाचलंय गं मी हे" या वाक्याचा अर्थ मला तेव्हा उलगडला. शाळांमध्ये टॅब-संगणकाचे पडदे आणण्यात पुढे असलेल्या स्वीडननेही २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर बाजूला काढले.

आपल्याकडेही २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने घातली गेली होती आणि पुढे तो निर्णय मागे घेण्यात आला. ती पाने वह्यांची जागा घेऊ शकली नसती हे खरे, पण मुलाने पुस्तकातच लिहावे हा त्यामागचा विचार मला आजही योग्य वाटतो.

टॅब कपाटात ठेवून द्या, असे मी म्हणत नाही. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, ही फार मोठी सोय आहे, आणि ज्या मुलाला बारीक अक्षर वाचता येत नाही त्याला तर अक्षर मोठे करता येणे हा आधारच आहे. पेशीविभाजनासारखी हलती गोष्ट व्हिडिओत जितकी कळते तितकी चित्रात कळत नाही. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षा संगणकावरच द्याव्या लागतात, तेव्हा सराव परीक्षा पडद्यावरच सोडवल्या पाहिजेत. बोर्डाचा पेपर मात्र तीन तास हाताने लिहायचा असतो. किंडलसारखे ई-इंकचे, म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदा असलेले, उपकरण डोळ्यांना सुसह्य असते आणि कादंबरी वाचायला उत्तम असते, पण पाठ्यपुस्तकाचे मोठे पान सहा इंचांच्या पडद्यावर मावत नाही आणि दहा पाने मागे-पुढे करताना ते अडखळते. अभ्यासात तर सारखे मागे-पुढेच जावे लागते.

आमच्याकडे आता टॅब लोकलमध्ये आणि सराव परीक्षांसाठी वापरला जातो आणि धडा मात्र टेबलावर, पेन्सिल हातात घेऊन, पुस्तकातूनच होतो. पुस्तके घरीच राहतात, त्यामुळे पाठीवरचे ओझेही वाढलेले नाही.

माझा खरा आक्षेप छापील नोट्स बंद करून मुलांपुढे एकच पर्याय ठेवण्याला आहे. छापील नोट्सही मिळणार का, हा प्रश्न फी भरण्यापूर्वीच्या मीटिंगमध्ये सर्वांसमक्ष विचारा. एकट्या पालकाला उडवून लावता येते, वीस जणांनी विचारले की उत्तर द्यावे लागते. आणि बारावीचा निकाल लागला की लगेच सोसायटीच्या ग्रुपवर जुन्या पुस्तकांसाठी निरोप टाका. अभ्यासक्रम तोच आहे ना एवढे तपासून घ्या. आठवडाभर उशीर झाला तर ती पुस्तके रद्दीत गेलेली असतात.