'फिअर'चे सैनिक तुमच्याकडून काहीही शिकत नव्हते

सध्या एक मजकूर फिरतोय. सार असं: २००५ च्या 'फिअर' या भुताटकीच्या, गोळीबाराच्या व्हिडिओ गेममधले शत्रू सैनिक खेळाडूच्या चाली बघून शिकायचे, लोक हरायला लागले म्हणून २००९ च्या 'फिअर २'मध्ये तो मेंदू काढून टाकला, दुसरा भाग मुळात दुसऱ्याच कंपनीचा, त्यात भीती औषधालाही नाही, आणि भिंतीआडून डोकावताही येत नाही.

माझ्या भाच्याने हे वाचलं आणि आता तो स्वतःच्या छोट्याशा गेममधल्या शत्रूंना न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामने, शिकवत बसलाय. शत्रू भिंतीत तोंड खुपसून उभे आहेत आणि याला वाटतंय, त्यांचं शिकणं अजून चालू आहे. म्हणून हा खटाटोप.

कंपनीचं आधी उरकतो. दोन्ही भाग मोनोलिथ या स्टुडिओचेच. नावाचे हक्क पहिल्या भागाच्या प्रकाशकाकडे, म्हणजे विवेंडीकडे राहिले होते, त्यामुळे दुसरा भाग बराच काळ 'प्रोजेक्ट ओरिजिन' नावाने तयार होत होता. २००८ मध्ये नाव परत मिळालं. परक्या स्टुडिओने, टाइमगेटने, केली ती पहिल्या भागाची एक्स्पान्शन्स, म्हणजे जोड-भाग. आणि दुसऱ्या भागाने त्यांची गोष्ट सरळ बाजूला सारली.

आता ते 'शिकणं'. या सैनिकांची एआय लिहिणाऱ्या जेफ ऑर्किन यांनी २००६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्ससाठी त्यावर एक निबंध लिहिला आहे. नेटवर फुकट मिळतो. मजकूर लिहिणाऱ्याने तो उघडूनही पाहिलेला नाही, हे उघड आहे. त्यात 'शिकणं' कुठेच नाही, आहे ते 'नियोजन'. प्रत्येक सैनिकाला काही उद्दिष्टं आणि काही कृती दिलेल्या असतात. प्रत्येक कृतीला अटी आणि किंमत असते. उद्दिष्टापर्यंत नेणारा सर्वांत स्वस्त क्रम तो त्या क्षणी जुळवतो. नकाशावर रस्ता शोधायला वापरतात तोच ए-स्टार अल्गोरिदम इथे कृतींवर चालवलाय. हालचालींच्या अवस्था तर तीनच: कुठेतरी जा, अ‍ॅनिमेशन चालव, वस्तू वापर. त्यातली तिसरी ही दुसरीचाच प्रकार, असं ऑर्किन स्वतःच सांगतात.

मग ते बाजूने येऊन घेरतात, त्याचं काय? त्याचंही उत्तर त्याच निबंधात आहे. तुम्ही पुढे सरकलात की सैनिकाचा आडोसा निकामी होतो. त्याला जवळचा दुसरा आडोसा गाठायचा असतो. मध्ये भिंत असेल तर तो मागच्या वाटेने जातो आणि तुमच्या बगलेला उगवतो. तुम्हाला वाटतं, गनिमाने डाव टाकला. त्या बिचाऱ्याला फक्त लपायचं होतं!

आणि सैनिकांची वायरलेसवरची ती आपापसातली बडबड? एकटा उरलेला सैनिक कुमक मागतो, पण कुमक बोलावण्याची यंत्रणा गेममध्ये केलेलीच नव्हती. तुम्ही पुढच्या दालनात गेलात की शत्रू भेटणारच होते. ती आलेली कुमक, हे आपण आपल्या मनाशी ठरवतो. मला तर यातच त्या लोकांची खरी कारागिरी दिसते. खेळाडूकडून शिकणारं यंत्र त्यांनी बनवलं नाही, खेळाडूला हुशारी *ऐकवली*.

म्हणजे 'मेंदू काढून टाकला' हेही गेलं. काढणार काय? ज्या गेम्समध्ये ही नियोजन-पद्धत वापरली गेली त्यांची यादी ऑर्किन यांनी दिली आहे आणि 'फिअर २' तिच्यात आहे. तरी दुसऱ्या भागातले सैनिक बावळट वाटतात, हे मलाही जाणवतं. माझ्या मते दोष जागेचा आहे. पहिल्या भागातल्या त्या कंटाळवाण्या ऑफिसांत प्रत्येक खोलीला दोन-तीन दारं, गोल फिरून येणाऱ्या वाटा, ठिकठिकाणी आडोसे. दुसऱ्या भागात बऱ्याचदा सरळ पुढे जायचं असतं. मागची वाटच नसेल तर मागून कोण येणार?

भीती 'औषधालाही नाही' म्हणणाऱ्याने 'वेड एलिमेंटरी' या प्राथमिक शाळेतली लेव्हल खेळलेली नसावी. किंवा प्रेतांना कळसूत्री बाहुल्यांसारखं उठवणारे ते रेमनंट पाहिले नसावेत. बाहुल्यांवर गोळ्या वाया घालवत बसलात की संपलात. अल्मा, म्हणजे या गेम्समधलं मुख्य भूत, मात्र वरचेवर अंगावर येते आणि बटण बडवून तिला ढकलावं लागतं, तिथे भीती पातळ होते. पहिल्या भागातल्या शिडीवर ती क्षणभर दिसते, ते पुरलं होतं. आणि यंत्रचिलखतात बसून रस्ते साफ करताना कुणीच घाबरत नाही, हे मान्य.

राहिलं डोकावणं. हा एक मुद्दा खरा आहे, नाइलाजाने कबूल करतो. दुसऱ्या भागात ते काढलंय आणि कोपऱ्यावरच्या लढाईची मजा त्याने गेली. बदल्यात टेबलं उलटवून आडोसा करायची सोय दिली आहे. मी ती फारशी वापरली नाही; सैनिक मात्र मनापासून वापरतात.