‘टेप नको, डॉक्टरांचा हातही नको’ म्हणे!

महिन्याभरात हा फॉरवर्ड मला तीन ग्रुपांवर आला: ‘वजन उतरलं पण कातडी लोंबतेय? टेप नको, डॉक्टरांचा हातही नको. मोबाईलवर अर्ध्या मिनिटात थ्रीडी स्कॅन करा. किती कातडी काढायची, किती किलो जातील, ऑपरेशननंतर नेमके कसे दिसाल, सगळं कळेल. तोच रिपोर्ट इन्शुरन्सला लावा, क्लेम पास!’ 2025 मध्ये माउंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली, तेव्हापासून अशा मजकुराला गिऱ्हाईक आयतंच मिळतंय. माझ्या ताईने बेरिॲट्रिक, म्हणजे लठ्ठपणासाठीच्या सर्जरीनंतर 47 किलो घालवले आणि दीड वर्षाने पोटाची सैल कातडी काढून घेतली. तिच्याबरोबर सगळ्या फेऱ्या मी मारल्या, म्हणून लिहायला बसले.

‘टेप नको’ यात थोडं तथ्य आहे. चहूबाजूंनी एकाच क्षणी फोटो घेणारा दवाखान्यातला चांगला स्कॅनर घेराचं माप टेपच्या तोडीचं देतो, आणि टेप कुणी किती आवळला हा वाद मिटतो. पण माप कुठे घ्यायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत कंबर म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये. ही हाडं बोटांनी चाचपून शोधायची असतात. सॉफ्टवेअर ती वरच्या आकारावरून ताडतं, आणि पोट ओघळून मांडीवर आलं असेल तर तिथेच फसतं. श्वासाचं तर विचारूच नका. ताईचं एकाच सकाळी दोनदा स्कॅन झालं, एकदा श्वास सोडून, एकदा भरून. कमरेत दोन सेंटीमीटरचा फरक! फोन घेऊन कुणीतरी आपल्याभोवती अर्धा मिनिट फिरणार, तेवढ्यात माणूस डुलतोही. शिवाय फुकटच्या ॲपमधून उघड्या अंगाचं ते चित्र कुठल्या सर्व्हरवर जाऊन बसतं, हे न वाचताच आपण ‘अलाउ’ दाबतो.

‘किती कातडी काढायची ते कळेल’ हा दावा मात्र मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. कॅमेऱ्याला समोरचं दिसतं. पोटाच्या घडीखालचं, मांड्यांच्या मधलं, काखेतलं दिसत नाही, आणि घाम साचून कातडी चिघळते ती नेमकी तिथेच. सॉफ्टवेअर न दिसलेला भाग अंदाजाने बुजवून गुळगुळीत करून टाकतं.

ऑपरेशनच्या सकाळी सर्जन मॅडमनी ताईला उभं केलं आणि स्वतःचं पोट दोन्ही हातांनी वर उचलून धरायला सांगितलं. खालची रेघ मार्करने ठसठशीत काढली. मग कातडी चिमटीत धरायची, ओढायची, सोडायची, पुन्हा धरायची, असं बराच वेळ चाललं. वरची रेघ तुटक काढली. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, ‘ती टेबलावर ठरेल.’ आधी खालचा छेद घेतात, वरची कातडी मोकळी करून खाली ओढतात, टेबल कमरेत मोडून पेशंटला किंचित वाकवतात, आणि मग जी जास्त होईल तेवढीच कापतात. कातडीत ताण किती उरलाय, आत हर्निया आहे का, हे हाताला कळतं. उजव्या बरगडीखाली पित्ताशयाच्या जुन्या ऑपरेशनचा व्रण असेल तर त्याच्या खालच्या कातडीला रक्त कमी पोहोचतं, म्हणून तिथे बेतानेच सोडवावं लागतं. व्रण फोटोत दिसेल, रक्तपुरवठा नाही. वजन उतरलेल्या शरीरासाठी 2005 साली जी पिट्सबर्ग मोजपट्टी आली, तिच्यातही सेंटीमीटर नाहीत. शरीराचे 10 भाग, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, आणि ते द्यायचे माणसाने बघून.

किलोचा हिशेब तर सोडूनच द्या. स्कॅनवरून आकारमान निघतं, लिटरमध्ये. चरबी पाण्यापेक्षा हलकी, म्हणजे लिटरचा किलो होत नाही. आणि हे ऑपरेशन वजनासाठी नसतंच. उलट वजन काही महिने एका जागी टिकलंय का आणि हिमोग्लोबिन, प्रोटीन, बी-12 ठीक आहे का, हे आधी बघतात, कारण जखम त्यावर भरते.

‘कसे दिसाल’ ते चित्र म्हणजे संगणकाने घासूनपुसून काढलेलं पोट. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणारा व्रण त्यात बहुधा नसतोच, आणि तो फिका पडायला वर्ष-दीड वर्ष जातं. सूजही काही महिने रेंगाळते. दोन आठवड्यांनी हौसेने केलेल्या स्कॅनमध्ये ताईची कंबर आधीपेक्षा जास्त भरली, बिचारी रडकुंडीला आली. तेच यंत्र, तीच उभं राहायची पद्धत ठेवून सहा महिन्यांनी केलेलं स्कॅन मात्र खरंच उपयोगी पडलं. डाव्या-उजव्या बाजूतला फरक त्यात स्वच्छ दिसत होता.

राहिला इन्शुरन्स. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने ठरवून दिलेल्या अपवादांत, म्हणजे अटी पूर्ण झाल्याशिवाय जे खर्च मिळत नाहीत त्यांत, लठ्ठपणाची शस्त्रक्रिया 06 क्रमांकाखाली येते आणि कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी 08 खाली. बेरिॲट्रिकचा क्लेम मिळाला म्हणून कातडीचाही मिळेल असं नाही. 08 मधून वाट निघते ती अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेसाठी, नाहीतर आरोग्याला थेट, तातडीचा धोका असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं तर. ताईच्या फाईलमध्ये स्कॅनचा रंगीत रिपोर्ट आम्ही सगळ्यात वर लावला होता. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या माणसाने तो उलटून बाजूला ठेवला आणि घडीखालच्या चट्ट्यांवर आठ महिने चाललेल्या मलमांच्या चिठ्ठ्या मागितल्या.