वहिनींचा माइक आणि गल्लीतलं पाणी

माइकचा ॲम्प्लिफायर बनवायला काही लागत नाही ओ, एक कंडेन्सर माइक, एक आयसी म्हणजे चिप, करंट अडवणारे चार-पाच रेझिस्टर, तेवढेच कॅपॅसिटर (हे डीसी अडवतात आणि बदलता सिग्नल पुढं जाऊ देतात), झालं, वाजायला लागतो. त्याला गप्प बसवायचं म्हणलं की मग माणसाचा कस लागतो. माइकमधनं येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट, ते आपण शंभर-दोनशे पट करणार, आणि ॲम्प बिचारा भेदभाव करत नाही, वहिनींचा आवाज शंभरपट तर भिंतीतल्या वायरीचा पण शंभरपट.

वहिनींना रेसिपीचे व्हिडिओ काढायचे होते, त्यासाठी हा ॲम्प. मागणी साधी होती. "भावजी, कडक भाकरी मोडली की कट्ट वाजलं पाहिजे, आणि शेंगाचटणी कुटताना तेल सुटलं की आवाज बदलतो बघा, तो ऐकू आला पाहिजे." मला तर हे लई आवडलं, कारण तो आवाज खरंच बदलतो, आधी कोरडा खुडखुड आणि मग एकदम जड, ओलसर धप्प. रेकॉर्डिंग लावलं तर भाकरी नाही, चटणी नाही, नुसतं गूंऽऽऽ.

आता घरात बिघाड झाला की सगळेच मिस्त्री. दादा म्हणला अर्थिंग नसंल. आण्णा म्हणले चायनाचा माल आहे. शेजारचं इंजिनिअरिंगचं पोरगं म्हणलं, "काय बे काका, सॉफ्टवेअरमधनं काढून टाका की." काढलं. गूं गेलं, त्याच्याबरोबर ओलसर धप्प पण गेलं, आणि वहिनींचा आवाज पाण्याच्या टाकीतनं आल्यासारखा झाला. वहिनी काही बोलल्या नाहीत, हेडफोन काढून टेबलावर ठेवला फक्त, पण तो ठेवण्याचा आवाज मला अजून आठवतोय.

मग रीतसर शोध सुरू केला. पहिली पायरी म्हणजे ॲम्पचं इनपुट एका कॅपॅसिटरमधनं ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या टोकाला, टेकवायचं. तरी आवाज राहिला तर गुन्हेगार आत आहे नाहीतर सप्लायमधनं येतोय, गेला तर माइक आणि त्याची वायर बघायची. आमच्याकडं निम्मा गेला, निम्मा राहिला, म्हणजे दोन्हीकडं गुन्हेगार. वायरीचं सोपं होतं, साधी जोडवायर काढून जाळीवाली शील्डेड टाकली, जाळी ग्राउंडला. माइकच्या गोल डबीच्या, म्हणजे कॅप्सूलच्या, मागं दोन टोकं असतात, त्यातलं जे बाहेरच्या पत्र्याला जोडलेलं दिसतं ते ग्राउंडचं, हे एवढं नीट डोळे फाडून बघायचं, बाकी माइकमध्ये बघण्यासारखं काही नाही.

मधूनच टर्रर्र टिक टिक टिक व्हायचं ते आण्णांच्या बटणाच्या फोनमुळं. टू-जीचा फोन सेकंदाला 217 वेळा सिग्नल सोडतो, ते सगळं माइकच्या वायरीत घुसतं, आणि रिंग वाजायच्या आधीच ॲम्पला कळतं की फोन येणार. आण्णांना हे कळल्यावर ते खुश, फोन मुद्दाम माइकजवळ ठेवून "आता बघ, तुझ्या आत्याचा येतोय" असं सांगत बसायला लागले. यावर इनपुटला 100 पिकोफॅरडचा कॅपॅसिटर बसवतात, तो बसवला, आणि आण्णांना फोनसकट व्हरांड्यात बसवलं, दुसरा उपाय जास्त लागू पडला.

खरं डोकं खाल्लं ते सप्लायच्या गूंनं. कारण तो कधी असायचा, कधी नसायचा. सगळं नीट चाललंय म्हणून वहिनींना बोलवावं, त्यांनी पदर खोचून भाकरी हातात घ्यावी आणि हा सुरू. सोल्डरिंग परत केलं, कॅपॅसिटर बदलले, काही नाही. शेवटी वहिनींनीच पत्ता लावला. म्हणल्या, "भावजी, पाणी आलं की हे वाजतंय." आता आमच्याकडं नळाला पाणी रोज कुठं येतंय, त्यामुळं ज्या दिवशी येतं त्या दिवशी अख्ख्या गल्लीच्या मोटारी एकदम चालू, आणि व्होल्टेज बसतं खाली. सप्लायमध्ये 7812 रेग्युलेटर होता, म्हणजे व्होल्टेज बारावर धरून ठेवणारा आयसी, त्याला बाहेर बारा व्होल्ट द्यायला आत चौदा-साडेचौदा तरी लागतात, आणि मोटारी चालू असताना मीटर दाखवत होतं साडेबारा. मग तो गडी काय गाळणार, ब्रिजमधनं (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आलेली 100 हर्ट्झची खळखळ जशीच्या तशी पुढं. मी 15 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर टाकला, आणि माइकला करंट देणाऱ्या एका रेझिस्टरच्या जागी दोन रेझिस्टर लावून त्यांच्या मध्ये 100 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ग्राउंडला टाकला, म्हणजे सप्लायमधली उरलीसुरली घाण माइकपर्यंत पोचायलाच नको. माझं तर मत आहे की हा एक कॅपॅसिटर प्रत्येक सर्किटच्या नकाशात छापूनच द्यायला पाहिजे, पण लोक दहा पैशाची बचत करतात.

गूं गेल्यावर खाली दडलेलं सूंऽऽ वर आलं. ते एलएम 358 चं, म्हणजे ॲम्पमधल्या आयसीचं. सोलापूरच्या नवी पेठेत दुकानदाराला कमी सूं करणारा 5532 आयसी मागितला तर म्हणला, "4558 न्या की, सगळे तेच नेतात, आणि नऊ व्होल्टवर पण चालतंय." नेला. सूं बरंच उतरलं, दुकानदारापुढं आपलं वाचन चालत नाही.

आता ॲम्प एकदम स्वच्छ. इतका स्वच्छ, की पलीकडचे टॉवेलचे माग खट-खटाक-खट-खटाक असे ऐकू यायला लागले की जणू वहिनी मागावर बसूनच चटणी कुटतायत. हा आवाज वायरीतनं येत नाही, हवेतनं येतोय, खरा आहे, त्याला कुठला कॅपॅसिटर लावणार? शिवाय कूलर, पंखा, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर. या सगळ्यांना एकदम बंद करणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे लाईट जाणं. म्हणून आता ॲम्पला नऊ व्होल्टची बॅटरी लावून, शेंगा भाजून, भाकऱ्या वाळवून, सगळं तयार ठेवून आम्ही वाट बघत बसतो. काल शेजारचे काका दुरुस्तीसाठी दोन तास शटडाऊन आहे म्हणून वैतागून सांगत होते, कारखाना बंद पडणार, ऑर्डर अडकलीय, आणि वहिनी आतनं ओरडल्या, "नक्की दोनच तास का ओ काका, पुरणपोळी पण उरकली असती की!"