बाटलीभर पाणी आणि समुद्रातले घुसखोर

‘समुद्राचं बाटलीभर पाणी तपासलं की कोणती परकी प्रजाती शिरली, किती आहे, कुठून आली, सगळं कळतं. मग तिचीच जनुकं बदलून तिचा वंश संपवायचा. पाणबुडे आणि जाळी आता इतिहासजमा!’ असा मजकूर बराच फिरतो आहे. गंमत म्हणजे यातली सर्वात खरी गोष्ट तो ‘कुठून आली’ या दोन शब्दांत उरकतो.

आधी ‘कोणती’. प्राण्यांची त्वचा, बुळबुळीत स्राव, विष्ठा यांतून पाण्यात डीएनए मिसळतो, त्यावरून प्रजाती ओळखता येते, हे बरोबर. पण तो डीएनए जिवंत प्राण्याचाच आहे, हे त्यावरून ठरत नाही. जहाजं तोल राखायला बॅलास्ट टाकीत समुद्राचं पाणी भरतात आणि त्यातून जीवही दूरवर जातात; त्या पाण्यावर प्रक्रिया करून जीव मारले, तरी त्यांचा डीएनए काही काळ मागे राहतोच. उलट कठीण कवचाचे खेकडे पाण्यात फार कमी डीएनए सोडतात. म्हणजे खेकडा असूनही बाटली कोरी निघू शकते. शिवाय ज्या प्रजातीचा नमुना संदर्भसंचात, म्हणजे ओळख पटलेल्या डीएनएच्या संग्रहात नाही, तिचं नाव यंत्र कुठून सांगणार?

‘किती’ तर त्याहून कठीण. प्रवाह, तापमान, प्रजननाचा हंगाम, सगळ्यांनी आकडा हलतो. अंदाज बांधता येतो, शिरगणती नाही.

जनुकं बदलून वंश संपवण्याचं तंत्र प्रयोगशाळेतल्या डासांवर चाललं आहे. समुद्रात ते कुणी सोडलेलं नाही. ते पसरायला लैंगिक प्रजनन आणि पिढ्या लागतात. भूमध्य समुद्रात पसरलेलं कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शैवाल तर तुकड्या-तुकड्यांनी वाढतं. आणि एका किनाऱ्यावरचा घुसखोर दुसऱ्या किनाऱ्यावर मूळ रहिवासी असतो. बदललेलं जनुक जहाजातून माहेरी परतलं तर?

आता ‘कुठून’. इथे मात्र जनुकशास्त्राने खरोखर डोळे उघडले. युरोपातला हिरवा खेकडा उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकापासून आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात आणखी उत्तरेला पसरला, तेव्हा जुनीच वस्ती थंडीला सरावली असावी, असा समज होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तिथे वेगळेच वंश सापडले, युरोपातून नव्याने आलेले. म्हणजे आयातीची वाट बंदच झाली नव्हती. बॅलास्ट पाण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचं महत्त्व इथे कळतं. तो २००४ मध्ये संमत झाला आणि लागू व्हायला २०१७ उजाडलं.

कॉलर्पाचंही तेच. १९८४ मध्ये ते मोनॅकोजवळ दिसलं आणि ते नैसर्गिकरीत्या आलं की मत्स्यालयातून निसटलं, यावर कडाक्याचा वाद झाला. डीएनए मत्स्यालयातल्या वाणाशी जुळला. २००० साली कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात तसंच शैवाल सापडलं, तेव्हा तपासणीत तोच वाण निघाला. किती आक्रमक शत्रू आहे हे कळल्यामुळे कुणी वाट बघत बसलं नाही.

पुढचं काम मात्र पाणबुड्यांनी केलं. शैवालावर ताडपत्र्या अंथरल्या, कडा दाबल्या, आत क्लोरीन सोडला. मग तळ हातभर-हातभर चाचपत राहिले, २००६ मध्ये निर्मूलन जाहीर होईपर्यंत.